शेमेश, शम्स: इस्रायलच्या शाळांमधला एक आठवडा

शनिवार, ४ जानेवारी २०२०, रामला

पहाटेपासून पाऊस लागलाय. आपल्याकडे आषाढात लागतो तसा, थांबायचं नावच नाही. तेल अवीवमध्ये रस्त्यांवर पाणी भरलंय, ही बातमी वरच्या मजल्यावरच्या अरब शेजाऱ्यांनी जिन्यातून सांगितली, कारण काकांच्या घरात आज रेडिओ नाही, टीव्ही नाही, फोनही नाही. शब्बाथ आहे, ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस. काल दुपारी शिजवलेली वालाची उसळ विजेच्या तव्यावर मंद गरम राहिली आहे. तो तवा शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावतात आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. कोकणात बेने इस्रायली, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. तो बंद घाणा मला आज प्रत्यक्ष पाहायला मिळाला.

काका माझ्या वडिलांचे अलिबागच्या प्राथमिक शाळेतले सोबती. चौथीपर्यंत एका बाकावर. मग काकांना शिक्षणासाठी मुंबईला मामांकडे पाठवलं आणि त्यांचं नाव माझगावच्या ज्यू शाळेत घातलं. ही शाळा १८७५ साली हाईम शमुएल केहीमकरांनी सुरू केली. केहीमकर, म्हणजे आपल्या किहीमचे. पुढे देणगीमुळे शाळेला सर एली कदुरी हे नाव मिळालं. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत. काकांना हे ठाऊक आहे आणि त्याचं त्यांना समाधान आहे. म्हणाले, “शाळा चालू आहे ना, मग झालं.”

मी स्वतः माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. वीस वर्षं झाली. दर जूनमध्ये माझ्या वर्गातली चार-पाच दप्तरं इंग्रजी माध्यमाकडे गेलेली असतात आणि दर जूनमध्ये मला तितकंच वाईट वाटतं. काकांनी बोलावलं तेव्हा मी एकच मागणं घातलं होतं, देवळं-किल्ले राहू देत, मला इथल्या शाळा दाखवा. एक भाषा, हिब्रू, जवळजवळ दोन हजार वर्षं रोजच्या बोलण्यातून गेली होती आणि शाळेतल्या फळ्यावरून परत घराघरांत आली. आणि त्याच भूमीवर दुसरी एक भाषा, अरबी, जी कधी कुठे गेलीच नव्हती, तिच्या मुलांचं काय चाललंय? मला या दोन्ही गोष्टी बघायच्या होत्या.

काकांनी इथली रचना बोटांवर मोजून समजावली. सरकारी शाळा, सरकारी धार्मिक शाळा, कर्मठ हरेदी लोकांच्या शाळा आणि अरब शाळा. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९४९ चा, सरकारी शिक्षणाचा १९५३ चा. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की या चारांतल्या एका वाटेला लागतं. रामल्यात ज्यू आणि अरब एकाच जिन्याने चढतात-उतरतात, पण सकाळी जिना उतरला की मुलं दोन दिशांना जातात.

रविवार, ५ जानेवारी, जेरुसलेम

इथे आठवडा रविवारी सुरू होतो. काकांचे जावई मला मेआ शेआरिमला घेऊन गेले. ही वस्ती १८७४ ची. काळे कोट, ओले दगड, भिंतींवर चिकटवलेली मोठमोठी पत्रकं. हेदरमधून, म्हणजे लहान मुलग्यांच्या शाळेतून, एका सुरात म्हटल्यासारखा आवाज येत होता. काही हेदरांत शिकवायची भाषा यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची बोली आहे, कारण हिब्रू ही पवित्र भाषा, ती बाजारहाटाला वापरायची नाही असं त्यांचं म्हणणं. मूल तीन वर्षांचं झालं की त्याला पहिल्यांदा अक्षरांपुढे बसवतात. अक्षरांवर मध लावतात आणि मूल तो चाटतं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून ‘श्री’ गिरवायला लावतात, त्याचा हा सख्खा भाऊ.

तिथून पुढे एका येशिवात, म्हणजे मोठ्यांच्या धार्मिक पाठशाळेत शिरलो. जावयांच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे शिकतात. ‘शिकतात’ असंच म्हणायचं, वय पन्नाशीचं असलं तरी. दालनात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा काही कळेचना. शंभरेक माणसं आणि सगळी एकाच वेळी बोलतायत. आमच्या शाळेत असा गलका झाला तर मुख्याध्यापक धावत येतील. इथे तो गलका म्हणजेच अभ्यास. दोघं-दोघं समोरासमोर बसतात. या जोडीला हवरूता म्हणतात. एकजण वाचतो, दुसरा अडवतो. ‘असं असेल तर मग तिथे तसं का म्हटलंय?’ अंगठा हवेत खालून वर फिरतो, प्रश्न फेकल्यासारखा. आपल्या वेदपाठशाळेत घनपाठ ऐकलाय मी. तिथे स्वर रतीभर हलू द्यायचा नाही ही साधना. इथली साधना प्रश्न अडायला हवा ही.

योगायोग असा की आजचाच दिवस मोठा होता. तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाचं रोज एक पान जगभर सगळ्यांनी एकाच दिवशी वाचायचं, ही कल्पना रब्बी मेइर शापिरो यांनी १९२३ मध्ये मांडली. पानं २७११. म्हणजे एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ साडेसात वर्षं. तेरावी फेरी काल संपली, चौदावी आज सुरू झाली. त्या गृहस्थांनी मला शेजारी बसवून ते पहिलं पान दाखवलं. पहिलं म्हणजे क्रमांक दोन, कारण पहिला क्रमांक मुखपृष्ठाचा.

पानाच्या मधोमध मूळ मजकूर, ठसठशीत चौकोनी अक्षरांत. शिवणीच्या बाजूला, आतल्या कडेने, राशी नावाच्या पंडितांचं भाष्य, वेगळ्या वळणाच्या बारीक अक्षरांत. राशी अकराव्या शतकातले, फ्रान्समधल्या त्र्वा गावचे. बाहेरच्या कडेने तोसाफोत, म्हणजे राशींच्या नातवांनी आणि त्यांच्या परंपरेतल्यांनी राशींवरच काढलेले प्रश्न. नातवांनी आजोबांशी घातलेला वाद पाचशे वर्षं त्याच पानावर छापला जातोय. पानाची ही मांडणी व्हेनिसच्या बॉम्बर्ग छापखान्यात १५२० च्या सुमारास ठरली आणि मग कुणी मोडली नाही.

पहिलं वाक्यच प्रश्न आहे. संध्याकाळची शेमा प्रार्थना कधीपासून म्हणायची? आणि कधीपर्यंत? एक गुरू म्हणतात पहिल्या प्रहरापर्यंत. बाकीचे म्हणतात मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गमलिएल म्हणतात उजाडेपर्यंत. मग त्यांच्या घरातली गोष्ट येते. त्यांचे मुलगे लग्नाच्या जेवणाहून रात्री उशिरा परतले आणि म्हणाले, आम्ही प्रार्थना केलीच नाही. बापाने रागावून विचारलं नाही, कुठे होतात इतका वेळ. म्हणाले, उजाडलं नसेल तर अजून म्हणायला हवी. गृहस्थ बोट ठेवून हिब्रूतून सांगत होते, जावई मला इंग्रजी-मराठीत. धर्मग्रंथाच्या पहिल्याच पानावर उशिरा आलेल्या पोरांची बाजू सांभाळून घेतलेली पाहून, शिक्षक म्हणून माझा त्या पानावर फार जीव जडला.

पण जावयांनी परतीच्या बसमध्ये दुसरी बाजूही सांगितली. मुलगे तेरा-चौदाचे झाले की बऱ्याच हरेदी येशिवांतून गणित आणि इंग्रजी जवळजवळ थांबतं. मुलींच्या शाळांत हे विषय जास्त चालू राहतात, आणि पुढे अनेक घरांत नोकरी बायकोच करते, नवरा शिकत राहतो. इतक्या तल्लख तर्काच्या मुलाला साधं समीकरण सोडवायला शिकवू नये, हे मला पटलं नाही. तिथेच तसं बोललो नाही. पाहुणा होतो. इथे लिहितो.

सोमवार, ६ जानेवारी, जेरुसलेमचं जुनं शहर

आज एकटाच. बाब अस-सिल्सिला, म्हणजे साखळी दरवाजा, त्याच्या अगदी लगत एक उंच प्रवेशद्वार आहे. काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आणि वर कोरलेली पेल्याची मुद्रा. ही तनकीझिया मदरसा. मामलूक राजवटीतला दमास्कसचा सुभेदार तनकीझ याने १३२८-२९ मध्ये बांधली. तरुणपणी तो सुलतानाच्या पदरी पेला धरणारा होता, म्हणून मुद्रेत पेला. त्या काळी या परिसरात मदरशांची रांगच होती. सुलतान कायतबायची अशरफिया १४८२ ची, हराम अश-शरीफच्या, म्हणजे अल-अक्सा मशिदीच्या आवाराच्या, पश्चिम बाजूला. कुराण, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं, फिक्ह म्हणजे धर्मकायदा, आणि व्याकरण. गुरूच्या भोवती अर्धवर्तुळ करून बसायचं, आणि गुरूने इजाझा दिली की तो ग्रंथ पुढे शिकवायचा अधिकार मिळायचा. प्रमाणपत्र संस्थेचं नव्हे, माणसाचं. तनकीझिया पुढे न्यायालय झाली आणि आता तिथे इस्रायली सीमा पोलिसांची चौकी आहे. मी दारासमोर बराच वेळ उभा राहिलो. आत जाता येत नाही.

ज्यू मोहल्ल्यात पोरात योसेफ येशिवा पाहिली आणि तिथे आपलं नातं निघालं. बगदादी ज्यूंचे कलकत्त्याचे एक व्यापारी, योसेफ अवराहाम शालोम, यांच्या पैशांतून ती उभी राहिली. मूळ इमारत १९४८ च्या लढाईत पडली, आजची नंतरची आहे.

हेरोद दरवाजाजवळ रशिदिया शाळा आहे, १९०६ पासूनची, तुर्की अमदानीतली. पण मला इथे यायचं होतं ते खलील सकाकिनींसाठी. १९०८ मध्ये उस्मानी राज्यात संविधान परत आलं आणि पुढच्याच वर्षी या ख्रिस्ती अरब शिक्षकाने जेरुसलेममध्ये दुस्तूरिया काढली. दुस्तूर म्हणजे संविधान. शाळेत सगळ्या धर्मांची मुलं. छडी नाही, गुण नाहीत, बक्षिसं नाहीत. व्याकरणाच्या घोकंपट्टीतून अरबी भाषा सोडवून तिच्यात मुलांना रमवायचं, ही त्यांची धडपड. १९०९ साली! माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी स्टाफरूमच्या कपाटामागे छडी होती. तेव्हा सकाकिनी मला माहीत असते तर मी ती पहिल्याच दिवशी मोडली असती. मोडायला मला तीन वर्षं लागली.

सलाह अद-दीन रस्त्यावर पुस्तकांच्या दुकानात एका तरुणाशी बोलणं झालं. त्याची धाकटी बहीण बारावीला आहे. पूर्व जेरुसलेममध्ये मुलांना दोन वाटा असतात. एक तौजीही, म्हणजे पॅलेस्टिनी अभ्यासक्रमाची परीक्षा. दुसरी बागरूत, म्हणजे इस्रायली. तौजीही दिली तर रमल्ला-बिरझैतकडची विद्यापीठं, बागरूत दिली तर हिब्रू विद्यापीठाचं दार जरा सोपं. “सतराव्या वर्षी तिला ठरवायचंय,” तो म्हणाला, “आणि घरात रोज भांडण.” पेपर कोणता द्यायचा इतकाच प्रश्न नाही. इतिहासाच्या पुस्तकात काय असेल, पुढची मैत्रीण कोण, नोकरी कुठे, सगळं त्यात आलं.

शेख जर्राहमधली दार अल-तिफ्ल बाहेरूनच पाहिली. १९४८ च्या एप्रिलमध्ये देर यासीन या पॅलेस्टिनी गावातल्या कत्तलीनंतर ५५ पोरकी मुलं हिंद अल-हुसैनी या बाईंना शहरात रस्त्यावर सापडली. त्यांना त्यांनी घरी नेलं, आणि त्या घराची शाळा झाली. यावर काही लिहावंसं वाटत नाही. फाटकापुढे थांबून पुढे गेलो.

मंगळवार, ७ जानेवारी, तेल अवीव–याफा

हर्झल रस्त्याच्या टोकाला शालोम मेइर मनोरा आहे, १९६५ चा. त्याच जागी आधी हर्झलिया जिम्नॅशिया होती, पहिली हिब्रू माध्यमिक शाळा. १९०५ मध्ये याफात सुरू झाली. १९०९ मध्ये, तेल अवीवचा पायाच पडत होता तेव्हा, तिच्या इमारतीची कोनशिला बसवली. रस्त्याच्या टोकाला देऊळ नाही, नगरपालिका नाही, शाळा. १९६२ मध्ये ती इमारत पाडली. शाळा दुसरीकडे चालू आहे, पण ती इमारत पाडल्याची हळहळ इथे अजून ऐकू येते.

मला सगळ्यात विचारात पाडतात ते तिथले सुरुवातीचे शिक्षक. त्याआधी १८८६ मध्ये रिशोन लेझिऑनला हिब्रूतून शिकवणारी पहिली शाळा निघाली होती. पण भूमिती, रसायन, कवायत, सगळंच हिब्रूतून शिकवायचं म्हणजे उद्याच्या तासाला लागणारा शब्द आज रात्री घडवायचा. विद्यार्थ्यांच्या घरी यिद्दिश, रशियन, लादिनो, अरबी. शाळेत एकच. १९१३ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात पुढे पंतप्रधान झालेले मोशे शारेट होते. आपल्याकडेही परिभाषा कोश निघाले, चांगले निघाले. मराठी विज्ञान परिषदेच्या माणसांनी आयुष्यं घातली. पण आपण त्या शब्दांना वर्गात रोज वापरून गुळगुळीत केलं नाही, कपाटात ठेवलं. हे मी आज त्या मनोऱ्याखाली उभा राहून स्वतःलाही सुनावलं.

दुपारी याफात ताबिथा शाळेवरून गेलो. जेन वॉकर-अर्नॉट या स्कॉटिश बाईंनी १८६३ मध्ये मुलींसाठी काढलेली. रामल्याला परतायला उशीर झाला.

बुधवार, ८ जानेवारी, नेवे शालोम / वाहत अस-सलाम

रामल्याहून अर्धा तास, लाट्रूनच्या मठाच्या टेकडीवर. ब्रुनो हुसार या धर्मगुरूंच्या कल्पनेतून, मठाने दिलेल्या जमिनीवर हे गाव वसलं. ज्यू आणि अरब कुटुंबं ठरवून एकत्र राहतात. १९८४ पासून इथे दोन भाषांची शाळा आहे. आसपासच्या गावांतून, रामला-लोदहूनही, मुलं बसने येतात. पुढे १९९८ पासून ‘हँड इन हँड’ संस्थेने जेरुसलेम आणि गालीलमध्ये अशाच शाळा सुरू केल्या. आजही सगळ्या मिळून बोटांवर मोजण्याइतक्याच.

पहिलीच्या वर्गात मला मागच्या छोट्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली. गुडघे हनुवटीला. वर्गात दोन बाई, एक हिब्रू बोलणाऱ्या, एक अरबी. नियम असा की एक बोलली तर दुसरीने भाषांतर करायचं नाही. भाषांतर मिळणार हे कळलं की मूल पहिल्या भाषेकडे कान देत नाही. हे मी वीस वर्षांत कधी इतकं स्पष्ट ऐकलं नव्हतं.

आज ‘श’ होता. दोन्ही लिप्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या. हिब्रू बाईंनी फळ्याच्या एका बाजूला तीन दांड्यांचा शिन काढला, अरबी बाईंनी दुसऱ्या बाजूला तीन दातांचा, वर तीन ठिपके. हिब्रू बाईंनी पिवळ्या खडूने वर्तुळ काढलं. “शेमेश.” अरबी बाईंनी त्याच वर्तुळाला किरणं काढली. “शम्स.” मुलं खिदळली. मग एकेकाने आपला डोळा, हात दाखवायचा. डोळा आयिन, ऐन. हात याद, याद. घर बायित, बैत. कुत्रा केलेव, कल्ब. एक मुलगी उठून उभी राहिली आणि कुणी विचारलं नसताना खिडकीकडे बोट करून दोन्ही शब्द एका दमात म्हणाली. बाहेर सूर्य नव्हता, धो धो पाऊस होता. तिला बहुधा फक्त ते दोन शब्द एकापाठोपाठ म्हणायचे होते.

मधल्या सुट्टीत अरबी बाईंनी अडचण सांगितली आणि लपवलं काहीच नाही. मैदानावर मुलं एकत्र खेळतात, पण हिब्रूतून. अरब मुलं दोन्ही भाषांत तयार होतात, ज्यू मुलांची अरबी मागे पडते. कारण फाटकाबाहेर दुकान, दवाखाना, टीव्ही, सगळीकडे हिब्रू. २०१८ च्या कायद्याने अरबीचा राजभाषेचा दर्जा काढून ‘विशेष दर्जा’ केला, तेव्हा इथल्या एका मुलाने विचारलं होतं, मग आता आपण अरबीचा तास घ्यायचा की नाही? आणि दर एप्रिल-मेमध्ये स्वातंत्र्यदिन येतो. तोच काळ दुसऱ्या अर्ध्या वर्गासाठी नकबाचा, म्हणजे १९४८ मध्ये पॅलेस्टिनी लोक बेघर झाले त्या आपत्तीचा. “त्या आठवड्यात आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत बसतो,” बाई म्हणाल्या. “मुलांआधी आम्हा दोघींना बोलावं लागतं.”

गुरुवार, ९ जानेवारी, हैफा आणि नासरेथ

उत्तरेकडे पुराच्या बातम्या होत्या, तरी गेलो. हैफात तेक्निऑन या तंत्रविद्यापीठाची जुनी इमारत आता विज्ञान संग्रहालय आहे. अंगणात १९२३ मध्ये आईन्स्टाईनने लावलेलं ताडाचं झाड आहे. १९१३ मध्ये ही इमारत बांधून होत आली, तेव्हा जर्मन ज्यूंच्या संस्थेने ठरवलं की शास्त्र विषय जर्मनमधून शिकवायचे. देशभर शिक्षकांनी आणि मुलांनी संप केला, वर्ग सोडले, हिब्रू शाळा वेगळ्या काढल्या. पुढच्या वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. पण महायुद्ध आलं आणि पहिले वर्ग १९२४ मध्ये भरले, हिब्रूतून. अभियांत्रिकी मातृभाषेत शिकवता येत नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी या अंगणात आणून उभं करीन.

नासरेथमध्ये चर्चच्या शाळांचं नाव मोठं आहे. तिथे ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही मुलं असतात. सरकारी अनुदान कापल्याबद्दल सप्टेंबर २०१५ मध्ये देशभरातल्या ४७ चर्च शाळा जवळजवळ चार आठवडे बंद राहिल्या होत्या, ३३,००० मुलं घरी. अशाच एका शाळेतल्या अरबीच्या बाईंकडे वेलचीची कॉफी झाली. त्यांच्या मुलांना घरची बोली वेगळी, शाळेतली ग्रांथिक अरबी वेगळी, मग हिब्रू, मग इंग्रजी. दप्तरात चार भाषा. त्या म्हणाल्या, “मी शाळेत बियालिकच्या हिब्रू कविता पाठ केल्या आणि मला त्या आवडायच्या. पण माझ्या वयाच्या ज्यू बाईने दरवेशची कविता शाळेत वाचली नसणार.” २००० साली शिक्षणमंत्र्यांनी पॅलेस्टिनी कवी महमूद दरवेशच्या कविता ज्यू शाळांत ठेवायचं सुचवलं, तर संसदेत अविश्वास ठराव आला होता. दरवेश इथूनच थोड्या अंतरावरच्या कफ्र यासिफला शाळेत होता. तेव्हा इस्रायलमधल्या अरबांवर लष्करी प्रशासन होतं. ते १९६६ पर्यंत चाललं.

बाईंनी मला विचारलं, तुमच्या देशात शेजारच्या राज्याची कविता मुलं शिकतात का? मी कन्नड आठवून पाहिली. माझ्या वर्गात मी एकही शिकवलेली नाही.

शुक्रवार, १० जानेवारी, रामला

पाऊस उघडला. सकाळी शाळा अर्धा दिवस. काकू मलिद्याचे पोहे भिजवत होत्या, उद्या कुणाच्या तरी नवसाचा मलिदा आहे. काकांनी ट्रंकेतून ‘मायबोली’चे जुने अंक काढले. इथल्या बेने इस्रायलींनी चालवलेलं मराठी नियतकालिक. काका १९६८ मध्ये, चोविसाव्या वर्षी आले तेव्हा हिब्रू अक्षरं जुळवून प्रार्थना वाचता यायची, अर्थ लागत नव्हता. उल्पानमध्ये, म्हणजे नवागतांच्या भाषावर्गात, परत पहिलीत बसले. “आता हिब्रूत हिशेब करतो,” म्हणाले, “पण ठेच लागली की ‘आई गं’च येतं.” नातवंडांना अंक वाचता येत नाहीत. मुखपृष्ठ तेवढं बघतात.

दुपारी नात शाळेतून आली. वरच्या मजल्यावरची तिच्याच वयाची मुलगी जिन्यात भेटली, तिलाही घेऊन आली. दोघी हिब्रूत बोलत होत्या. मी वहीत काहीतरी लिहित बसलेलो पाहून नातीने स्वतःचं नाव मराठीत लिहून मागितलं. मी लिहून दिलं. मग वरच्या मुलीचंही. दोघी बराच वेळ बघत राहिल्या आणि मग खाली तसंच गिरवायला लागल्या. अक्षरं जमत आली. शेवटी वरची रेघ ओढायची राहिली, तेव्हा दोघींनी पेन्सिल उजव्या टोकाला टेकवली आणि रेघ डावीकडे ओढत नेली.